रात्री दुखलं तर कोण येणार? नाशिकच्या एका ‘हॉस्पिस’ने आम्हाला कसं फसवलं

आमच्या मामांना तोंडाचा कॅन्सर होता. सातपूरच्या कंपनीतून रिटायर झाले आणि वर्षभरातच गालात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, तरी गाठ परत आली. तेव्हा डॉक्टरांनी मामींना आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की आजार बरा होईल अशी ट्रीटमेंट आता नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं, त्यासाठी पॅलिएटिव्ह केअर बघा. सल्ला अगदी योग्य होता. मामा-मामींचं घर सिडकोत, दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर. मामींचे गुडघे गेलेले. घरी सगळं करणं जमणारं नव्हतं, म्हणून हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला ठेवून घेऊन त्याचं दुखणं सांभाळणारी जागा, शोधायची ठरवली.

जागेचं कार्ड मिळालं अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून. पेशंट मिळवून दिला की ड्रायव्हरला कमिशन मिळतं, हे आम्हाला नंतर दुसऱ्याच एका ड्रायव्हरने सांगितलं. शहराच्या कडेला दुमजली बंगला, पुढे लॉन, तुळशीवृंदावन, आत स्वच्छ फरशी. व्यवस्थापक गोड बोलणारे. मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या होत्या: नर्स शिकलेल्या आहेत का, डॉक्टर रात्री असतात का, आणि तीव्र दुखण्यावरचं औषध, मॉर्फिन, मिळतं का. मॉर्फिनचं कॅन्सरच्या डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं. तिन्हींना उत्तर ‘हो’. “काही काळजी करू नका ताई, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिससारखंच आहे आपलं.” 50 हजार डिपॉझिट, रोजचे 2,200 रुपये, औषधं वेगळी. त्या तीन ‘हो’वर आम्ही पैसे भरले. तिन्ही खोटे निघाले.

मुंबईचं नाव त्यांनी काढलं म्हणून सांगते. भारतातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 साली सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, आणि वारज्याला तर घरच्या माणसाला सोबत ठेवून सगळं शिकवतात: ड्रेसिंग कसं करायचं, नळीतून कसं भरवायचं, कूस कशी बदलायची. पैसे घेणारी प्रत्येक जागा वाईट असं मी म्हणत नाही. माणसं नेमायची तर पगार लागतातच. पण घरच्यांना शिकवतात की लांब ठेवतात, यावरून बरंच कळतं. आमच्याकडे भेटीची वेळ होती संध्याकाळी 4 ते 6. कारण सांगितलं ‘इन्फेक्शन’. शेवटच्या दिवसांतल्या माणसाला बायकोपासून बावीस तास लांब ठेवायचं, हे कुठल्याही हॉस्पिसच्या विचारात बसत नाही. हॉस्पिस आयसीयू नव्हे.

मामांना बोलता येत नव्हतं. नाकातून नळी होती, जबडा उघडत नव्हता. ते दोनशे पानी वहीत लिहून बोलायचे. पहिल्या काही दिवसांत लिहायचे, ‘ठीक’, ‘पंखा कमी’, ‘गुड्डूची परीक्षा?’ मग एका संध्याकाळी मामी गेल्या तर वहीत मोठ्या अक्षरांत एकच वाक्य होतं: ‘रात्री कोणी येत नाही.’ मामी मला फोनवर ते वाचून दाखवताना रडत होत्या. व्यवस्थापकांना विचारलं तर म्हणाले, “या स्टेजला पेशंटला भास होतात.”

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेनंतरही मी उठले नाही. सात वाजले होते. कॉटच्या पायाशी औषधांचा तक्ता अडकवलेला होता, तो काढून पाहिला. सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10, रात्री 2 असे रकाने, आणि प्रत्येकात बरोबरची खूण. आजच्या तारखेसमोर रात्री 10 आणि रात्री 2 च्या रकान्यांतही खुणा होत्या, एकाच निळ्या पेनाच्या, एकाच हाताच्या. जो डोस द्यायला अजून सात तास होते, तो दिल्याची नोंद आधीच झालेली. मी लगेच मोबाईलवर फोटो काढला, मागच्या भिंतीवरचं घड्याळ येईल असा. तुमचा माणूस अशा ठिकाणी असेल तर हा तक्ता बघायला मागा, आणि भलत्या वेळी बघा. तक्ताच नसेल, किंवा ‘ऑफिसमध्ये असतो’ असं सांगितलं, तर तेही उत्तरच समजा.

रात्रपाळीला मजल्यावर एक मुलगी होती, दिंडोरीकडची, फार तर विशीतली. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने मामींना स्वतःहून सांगितलं, की तिचा कुठलाही नर्सिंगचा कोर्स झालेला नाही, जाहिरात बघून आली, सकाळची पाळी संपली की तीच रात्रीही थांबते. त्या मुलीला मी दोष देणार नाही. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं आणि आठ पेशंट तिच्या एकटीच्या गळ्यात होते. आमच्याकडून मात्र ‘ट्रेण्ड पॅलिएटिव्ह नर्स, चोवीस तास’ म्हणून पैसे घेतले जात होते. एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेल्या नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक बेधडक मागा, त्यात कोणाचाही अपमान नाही. डॉक्टरांचंही तसंच. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर सापडतं. पाटीवर ज्यांचं नाव ‘पॅलिएटिव्ह तज्ज्ञ’ म्हणून होतं, ते मामांच्या कॉटपाशी एकदाच येऊन गेले. बिलात मात्र त्यांची व्हिजिट रोज लागली होती.

आता मॉर्फिनचं. आमच्या माणसाचे सगळ्यात जास्त हाल यावरूनच झाले. दाखल करताना ‘मिळतं’ म्हणाले, आणि दुखणं वाढल्यावर सूर बदलला: “ते सरकारने बंद केलंय”, मग “ते दिलं की पेशंट जातो”. त्याऐवजी डायक्लोफेनॅक आणि ट्रामाडॉल या मॉर्फिनपेक्षा कमी ताकदीच्या वेदनाशामकांची इंजेक्शनं, तीही दिवसा, आणि बिलात त्याचं नाव ‘पेन मॅनेजमेंट पॅकेज’. खरी गोष्ट अशी आहे. मॉर्फिन 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळे पूर्वी त्यासाठी परवाने मिळवताना रुग्णालयांची दमछाक व्हायची. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून संस्थेला मान्यता घ्यावी लागते, आणि अशी मान्यताप्राप्त संस्था मॉर्फिन ठेवू शकते, देऊ शकते. म्हणजे बंद काही नाही. या लोकांनी मान्यताच घेतलेली नव्हती. जागा बघायला जाल तेव्हा लॉन बघण्याआधी हा कागद मागा. कॅन्सरच्या रुग्णांसाठी हॉस्पिस चालवतो म्हणायचं आणि मॉर्फिनची सोय ठेवायची नाही, तर ती फक्त कॉट भाड्याने देणारी जागा आहे.

आणि ‘मॉर्फिन दिलं की माणूस जातो’ हे सगळ्या नात्यागोत्यात बसलेलं भय आहे, त्याचाच ते फायदा घेतात. योग्य मात्रेत, थोड्यापासून सुरुवात करून दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. सुरुवातीला दोनचार दिवस गुंगी येते, मळमळतं. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं. साधी गोळी चार तास काम करते, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते. दुखेल तेव्हा हाक मारा, मग देऊ, असं नसतं. मामांसारखा हाकच मारू न शकणारा माणूस असेल तर मग काय?

बाकीच्या गोष्टी याच माळेतल्या. एअर बेडचं भाडं रोज लागत होतं, पण पंपाची पिन बोर्डातून काढलेली, कारण तिथे कूलर लावलेला. मामांच्या माकडहाडावर जखम झाली ती आम्हाला दिसली नाही, कारण पाठ कधी दाखवलीच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. तुम्ही जाल तेव्हा पांघरूण बाजूला करून टाचा बघा, पाठ बघा. गालाच्या जखमेला वास सुटला तर यांनी खोलीत उदबत्त्या लावायला सुरुवात केली. शेवटीशेवटी ‘ताकदीची बाटली’ म्हणून रोज सलाईन चढवायचे. मामांचे पाय सुजले, छातीत घरघर वाढली. अखेरच्या दिवसांत शरीराला तेवढं पाणी पेलत नाही, बहुतेक वेळा सलाईनने त्रास वाढतो. पण सलाईन टांगलेलं नातेवाइकांना दिसतं, काहीतरी चाललंय असं वाटतं, आणि त्याचं बिल करता येतं. ओठ आणि जीभ ओल्या कापसाने पुसत राहण्याचं बिल होत नाही. ते कोणी केलं नाही.

मामींच्या भावाच्या ओळखीतून एक भूलतज्ज्ञ डॉक्टर मिळाल्या. पॅलिएटिव्ह केअरचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्या म्हणाल्या, आधी तिथून बाहेर काढा. काढायला गेलो तर महिन्याचे पूर्ण पैसे भरल्याशिवाय फाइल देणार नाही, डिपॉझिट परत नाही, तुम्ही सही केलीये, ही भाषा. मामेभावाने शांतपणे 112 ला फोन लावून पोलीस बोलावतो म्हटल्यावर मामांना सोडलं, फाइल ठेवून घेतली. हे माहीत असू द्या: बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. मागणी केल्यापासून 72 तासांत डॉक्टरांनी वैद्यकीय कागदपत्रं द्यायला हवीत. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

मामा सिडकोतल्या घरीच आले. डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत मामांसमोर शून्य ते दहा आकडे लिहिलेला कागद धरला आणि किती दुखतंय त्यावर बोट ठेवायला सांगितलं. मामांनी नऊवर ठेवलं. इतक्या दिवसांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. मॉर्फिनची गोळी कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून द्यायला मामींना शिकवलं. जखमेच्या ड्रेसिंगमध्ये मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची पूड वापरायला लावली, वास दोनेक दिवसांत बराच गेला. बोट पुढे तीनवर आलं. जी औषधं लागली ती महाग नव्हती. तेव्हा मला खरा राग आला. हे सगळं इतकं साध्य होतं आणि आमच्या माणसाला ते पैसे भरूनही मिळू दिलं नाही. मामा घरीच गेले, मामी आणि मुलं जवळ असताना.

मग कागदांच्या मागे लागलो. त्या बंगल्याच्या भिंतीवर सर्टिफिकेटांच्या फ्रेम होत्या, त्यांचे फोटो नीट वाचले. एक शॉप अ‍ॅक्टचं, एक उद्योग नोंदणीचं, एक आयएसओ लिहिलेलं. रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागेला महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायदा, 1949 लागू होतो. त्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र तिथे नव्हतं. मनपा हद्दीत ही नोंदणी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे असते, तिथे जाऊन पत्ता सांगून विचारता येतं. 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. आम्ही विचारलं तेव्हा त्या पत्त्यावर शुश्रूषागृहाची नोंद नाही असं उत्तर मिळालं. ते लेखी घेतलं आणि तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली. त्यावर त्या हॉस्पिसने फाइल परत दिली, पैसे दिले नाहीत, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात दावा केला आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि सेवेसाठी भरलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फी लागत नाही. तक्त्याचा तो फोटो, बिलं, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि मामांची वही, एवढा आमचा पुरावा आहे.

जागा शोधत असाल तर ज्या डॉक्टरांनी कॅन्सरची ट्रीटमेंट केली त्यांच्याकडूनच नाव घ्या, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याकडून नको. 2012 साली केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आला, त्यात जिल्हा रुग्णालयांत ही सेवा देण्याचं धोरण आहे, तेव्हा नाशिकमध्ये असाल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये आधी चौकशी करा. तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडिया या संस्थेच्या वेबसाइटवर देशभरातल्या केंद्रांची यादी आहे. आणि कुठल्याही जागी एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा, व्यवस्थापकाला, सिस्टरला, आणि आधीच दाखल असलेल्या पेशंटच्या घरच्यांना: रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर कोण येतं आणि काय देतं? तिघांचं उत्तर जुळलं तर पुढे बोला.

तुमचं माणूस आत्ता अशा एखाद्या जागी असेल आणि मनात शंका असेल, तर आज रात्री तिथे थांबा. थांबू देत नसतील तर उद्या सकाळी त्यांना तिथून हलवा, डिपॉझिटचं नंतर बघता येईल.