मोर्चात चालणारे पोलीस की मोर्चा सांभाळणारे?

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराच्या २०२४ च्या प्राइड मोर्चात, म्हणजे समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांच्या मोर्चात, तिथल्या नॉर्थम्ब्रिया दलाचे पोलीस गणवेशात चालले. बंदोबस्तासाठी नव्हे, मोर्चेकरी म्हणून. यामागची तळमळ खोटी नव्हती. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा होते आणि पकडायला पोलीसच जात. तो दुरावा मिटवायचा तर सोबत चालून दाखवावं, असं अनेकांना आजही वाटतं.

दुसरा मार्ग कडेला उभं राहून मोर्चा सुरक्षित पार पाडण्याचा. मला हाच पटतो. लिंगओळखीच्या प्रश्नावर, म्हणजे माणसाचं लिंग जन्मानं ठरतं की त्याच्या स्वतःच्या जाणिवेनं यावर, तिथे तीव्र मतभेद आहेत. उद्या दोन गटांत बाचाबाची झाली, तर एका गटाच्या झेंड्यांसोबत चाललेल्या शिपायाकडे दुसऱ्या गटातली बाई तक्रार घेऊन कशी जाणार? तिला न्याय मिळेलही, पण तो मिळेल असं आधी वाटायला हवं ना! जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने हा सहभाग बेकायदा ठरवला, तो निःपक्षपातीपणाच्याच मुद्द्यावर.

समलैंगिकांवरच्या हल्ल्यांचा चोख तपास मात्र व्हायलाच हवा. त्यासाठी मोर्चात चालावं लागत नाही. बीबीसीही २०२१ मध्ये समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या स्टोनवॉल संस्थेच्या, कामाच्या ठिकाणी त्यांना सामावून घेण्यासाठीच्या योजनेतून बाहेर पडली, ती निःपक्षपातीपणावर शंका नको म्हणूनच.