सोलरच्या वायरींचे जोड : तेरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचं घर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मांद्र्याच्या बाजूला. समुद्र दीड-दोन किलोमीटरवर. वारा पश्चिमेचा असला की खिडकीच्या गजांना बोट लावलं तरी खारट चिकटपणा जाणवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्लॅबवर ५५० वॅटची सहा पॅनेलं बसवली, म्हणजे ३.३ किलोवॅट. पॅनेल कुठलं, इन्व्हर्टर कुठला यावर आम्ही महिनाभर चौकशी केली. वायरींचे जोड कसे असणार हे मात्र एकदाही विचारलं नाही. पुढच्या सात महिन्यांत जो त्रास झाला तो सगळा त्या न विचारलेल्या प्रश्नाचा होता.

मार्च ते मे सुरळीत गेले. जुलैचा पाऊस लागला आणि इन्व्हर्टर सकाळी सुरूच होईना. स्क्रीनवर आयसोलेशन फॉल्ट. दहा-साडेदहाला पाऊस उघडला, ऊन पडलं की आपोआप चालू. सतत पाऊस असला तर दिवसभर बंद. बसवून देणाऱ्यांना फोन केला तर उत्तर आलं, "पावसात असं होतंच, ऊन आलं की जातं." हे उत्तर स्वीकारू नका. पॅनेलांकडून येणारी डीसीची वायर कुठेतरी जमिनीशी, म्हणजे स्ट्रक्चरशी किंवा ओल्या भिंतीशी गळते आहे, असं इन्व्हर्टर त्यातून सांगत असतो. त्याने स्वतःला बंद ठेवणं हा त्याचा बिघाड नाही, त्याचं कामच ते आहे.

माझा भाचा आयटीआय झालेला, वायरमनचं लायसन्स असलेला. त्याला बोलावलं. त्याने आधी घराकडची एसी बाजू बंद केली, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलांकडचा स्विच, आणि स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांची माळ, इन्व्हर्टरपासून सुटी केली. मग मल्टिमीटरने तीन मापं घेतली : प्लस ते मायनस २८८ व्होल्ट, मायनस ते अर्थ २७९, आणि प्लस ते अर्थ जेमतेम ९.

"मामा, गळती प्लसच्या बाजूला आहे," तो म्हणाला. "पॅनेलांच्या मध्ये असती तर आकडे मधे कुठेतरी विभागले असते. प्लस जवळजवळ अर्थला चिकटलाय, म्हणजे शेवटच्या पॅनेलपासून खाली येणाऱ्या वायरीतच बघायचं."

ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूर्ण छत न उपसता जागा कळते. मात्र मापं त्याने घेतली, मी नाही. उजेड असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही, आणि तीनशे व्होल्ट डीसी हा अंगाशी खेळायचा प्रकार नव्हे. घरातली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी पडली तरी विझायला तिला संधी मिळते. डीसीला ती संधीच नाही. चालू करंटमध्ये जोड सुटला तर ज्योत पेटलेलीच राहते. छतावरच्या सोलरच्या आगी अनेकदा अशाच एखाद्या ढिल्या सांध्यापासून लागतात.

जोड सापडला तो पॅनेलांच्या मागे, लोखंडी स्ट्रक्चरच्या पायाशी. सोलर केबल कमी पडली असावी. पुढचे साडेतीन मीटर घरगुती लाल वायर जोडून पुरवले होते. दोन्ही टोकांना पीळ दिलेला, वरून काळी टेप चार वेढे. टेपचा डिंक उन्हाने वितळून चिकट झाला होता, पाणी आत गेलं होतं आणि ओली टेप थेट लोखंडाला टेकली होती. टेप सोडवली तेव्हा आतून हिरवी भुकटी पडली. लाल वायरीचं तांबं काळंठिक्कर. कापत गेलो, कापत गेलो, जवळपास वीतभर मागे गेल्यावर चकचकीत तांबं दिसलं. पाणी तारांच्या फटीतून वर ओढलं जातं, तसं ते आवरणाच्या आतून तिथपर्यंत पोचलं होतं. त्याच जोडाला लागलेली सोलर केबल मात्र दोन-तीन बोटांपलीकडे साफ होती. तिच्या तारांवर कथिलाचा मुलामा असतो, त्याचा हा फरक. पावसाळ्याच्या गोव्यात, आणि त्यातही किनाऱ्यावर, साधी तांब्याची वायर छतावर नेऊच नये.

जोडाजवळ लाल आवरण तपकिरी पडलं होतं, म्हणजे गळतीच्या जोडीला तो तापतही होता. हिशोब सोपा आहे. दुपारी आमच्या स्ट्रिंगमधून १३ अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. जोडात ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला की तिथे १३ गुणिले १३ गुणिले ०.२, म्हणजे जवळपास ३४ वॅट उष्णता. अंगठ्याएवढ्या जागेत, टेपने गुंडाळलेली, रोज चार-पाच तास.

त्या दिवशी पाऊस चालू होता आणि नवी केबल हाताशी नव्हती. म्हणून तात्पुरतं सोल्डर केलं, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवली. फॉल्ट गेला. मला वाटलं, झालं काम. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर नीट करू म्हणून ठेवलं. आमच्याकडे माकडं येतात. माडावरून स्लॅबवर उडी मारताना हमखास एखादी वायर त्यांच्या हाताखाली येते. सप्टेंबरअखेर उघडून पाहिलं तर सोल्डर जिथे संपतं नेमक्या त्याच जागी निम्म्याच्या वर तारा तुटलेल्या. सोल्डर तारांमध्ये शिरून वायर काडीसारखी कडक होते, आणि कडक भाग जिथे मऊ भागाला मिळतो तिथे हलवलं की ती तुटते. वाऱ्याने हलली तरी तेच. शिवाय शिसं-कथिलाचं सोल्डर साधारण १८३ अंशाला मऊ पडायला लागतं, म्हणजे तापणारा जोड स्वतःलाच सैल करत जातो. सर्किट बोर्डावर सोल्डर उत्तम आहे. छतावरच्या हलत्या केबलला ते नको, निदान एकटं तरी नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण लांबीची नवी सोलर केबल ओढली, ४ चौरस मिलिमीटर, मुलामा दिलेली, १५०० व्होल्ट डीसीची. मधे एकही जोड नाही. सगळ्यात भरवशाचा जोड म्हणजे न केलेला जोड, हे भाच्याचं वाक्य. दोन्ही टोकांना फक्त एमसी४ कनेक्टर, म्हणजे सोलर वायरींचे एकमेकांत दाबून बसणारे प्लग. आणि इथे दुसरी गोष्ट लक्षात आली. पॅनेलच्या वायरींना कारखान्यातून आलेले कनेक्टर एका कंपनीचे होते, छतावर बसवताना लावलेले दुसऱ्याच, नाव नसलेल्या. दोन्ही एकमेकांत बसतात, टक असा आवाजही येतो, म्हणून सगळे चालवून घेतात. पण एमसी४ हे मुळात एका स्विस कंपनीच्या कनेक्टरचं नाव, त्यातला ४ म्हणजे आतल्या पिनेचा ४ मिलिमीटर व्यास. बाकीचे 'एमसी४ कम्पॅटिबल'. पिनेचा मुलामा, स्प्रिंगचा दाब, रबरी रिंगेची जाडी प्रत्येकाची वेगळी. आयईसी ६२५४८ या सोलरच्या आंतरराष्ट्रीय मानकात स्पष्ट लिहिलंय की जोडीतले दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे हवेत. मी पॅनेलच्या कनेक्टरवर कोरलेलं नाव आणि मॉडेल वहीत उतरवून घेतलं आणि म्हापशात दोन दुकानं फिरून तेच आणले. पहिल्या दुकानदाराने "सगळे सारखेच" म्हणून सांगितलं. दुसऱ्याने मागवून दिले, आठ दिवस लागले.

कनेक्टरची पिन वायरीवर चेपायचं क्रिम्पिंग टूल मी विकत घेतलं, कारण भाड्याने मिळेना. २.५, ४ आणि ६ चौरस मिलिमीटरचे खाचे, रॅचेटवालं, म्हणजे पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. हे रॅचेट हाच त्याचा खरा उपयोग. पक्कडीने चेपलेली पिन दिसायला चपटी दिसते, पण आत तारांच्या मध्ये हवा राहते, आणि जिथे हवा तिथे आमची खारी हवा. योग्य साच्यात दाबलेल्या पिनेत तारा आणि धातू एकजीव होतात. सराव म्हणून चेपलेली एक पिन मी हॅकसॉने आडवी कापून पाहिली. मधे तारा वेगळ्या ओळखूच येईनात, षटकोनी ठोकळे एकमेकांना चिकटल्यासारखे. पक्कडीने चेपलेली कापली तर तारा सुट्या, मधे काळ्या फटी. ज्याला टूलचा खर्च जड वाटतो त्याने हा एक प्रयोग स्वतः करून पाहावा.

करताना चुका होतात त्या अशा : कनेक्टरच्या मागचा, केबलभोवती आवळायचा ग्लँड नट केबलमध्ये आधी ओवायचा विसरतो, मग क्रिम्प केलेली पिन कापावी लागते. आवरण सोलताना दोन-चार तारा कापल्या जातात, तेवढी जाडी कमी झाली. साधारण सात मिलिमीटर सोलायचं, तारा पिनेच्या छिद्रातून दिसल्या पाहिजेत. क्रिम्प झाल्यावर हाताने जोरात ओढून बघायचं. नट पान्याने घट्ट करायचा, नुसत्या बोटांनी नाही. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. जोडण्याआधी मीटरने प्लस-मायनस तपासायचं, आणि जोडताना-सोडताना करंट शून्य असला पाहिजे, म्हणजे आयसोलेटर बंद.

कनेक्टर लोंबकळत किंवा स्लॅबवर पडलेला ठेवला नाही. पॅनेलखाली रेलला स्टीलच्या टायने बांधला, दोन्ही बाजूंना केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाण्याचा थेंब झोलाच्या तळाशी गळतो, कनेक्टरपर्यंत जात नाही. पांढरे नायलॉन टाय एका उन्हाळ्यात तुटतात, ते आणूच नका.

नवी केबल ओढून आता तेरा महिने झाले. २०२५ चा अख्खा पावसाळा गेला, मेच्या अखेरीपासूनच कोसळत होता. आयसोलेशन फॉल्ट एकदाही नाही. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळे कनेक्टर पाहिले, त्यांच्यात आपसात तीन अंशांपेक्षा जास्त फरक नव्हता. आकडा किती आहे यापेक्षा एखादा कनेक्टर शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापतोय का, ते बघायचं. ऑक्टोबरमध्ये एक जोडी उघडली, पिन कोरडी आणि चमकती. माकडं अजून येतात.

कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, मांगरात (शेतावरच्या खोपीत) १२ व्होल्टची छोटी सिस्टीम आहे, एक बॅटरी आणि चार दिवे. तिथे आगीची भीती कमी, पण व्होल्टेजची चणचण. पाच अँपिअरला ०.१ ओहमचा एक वाईट जोड अर्धा व्होल्ट खातो, म्हणजे बारातले चार टक्के. तिथे आतून डिंक असलेल्या स्लीव्हचे बट जोड, म्हणजे दोन वायरी समोरासमोर घालून चेपायच्या नळ्या, वापरले. गरम केल्यावर कडेने डिंकाची गोल वेटोळी बाहेर आली की पाणी अडलं असं समजायचं. ते छान टिकलेत. पेटीच्या आत वॅगोचे लिव्हरवाले कनेक्टर लावले, हाताळायला सगळ्यात सोपे, पण ते कोरड्या पेटीसाठीच. माझ्या पेटीचं एक भोक उघडं राहिलं होतं, तिथून पाल शिरली आणि मुंग्यांनी घर केलं. भोक सील केल्यावर ठीक आहे.

एक काम राहिलंय. पॅनेलच्या अॅल्युमिनियम फ्रेमला तांब्याची अर्थिंग वायर साध्या नटबोल्टने थेट लावलेली आहे. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, त्यामुळे बोल्टभोवती पांढरी पावडर जमायला लागली आहे. कथिलाचा मुलामा दिलेले लग, म्हणजे वायरीच्या टोकाला चेपायच्या भोकाच्या चकत्या, आणि स्टेनलेसचे दातेरी वॉशर आणून ठेवलेत. या रविवारी भाचा येणार आहे, सहाही फ्रेम साफ करून ते बसवू.