वर्गातली हवा: एकेरी वऱ्हांडा की दुहेरी रांग आणि एसी?

नवी शाळा बांधताना संस्थाचालकांसमोर साधारण दोन नकाशे येतात. एकात वर्गांची एकच रांग, समोर वऱ्हांडा, दोन्ही भिंतींना खिडक्या. दुसऱ्यात मधोमध कॉरिडॉर, दोन्हीकडे वर्ग आणि प्रत्येकात स्प्लिट एसी. दुसरा स्वस्त पडतो: 2.4 मीटर रुंद कॉरिडॉर दोन वर्गांत वाटला जातो, म्हणून 8 मीटर लांबीच्या प्रत्येक वर्गामागे जवळपास 10 चौरस मीटर बांधकाम वाचतं. शहरात ही रक्कम लहान नाही.

आता हवेचा हिशोब. खोली 6 बाय 8 मीटर, उंची 3.3, मुलं 40. एक मूल तासाला अंदाजे 15 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर बाहेरच्या 420 पीपीएमवरून (हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे किती भाग) आकडा दहा मिनिटांच्या आत 1000 वर जातो आणि तासिका संपेपर्यंत 2000 ओलांडतो. मुलं पेंगतात ती नेहमीच अभ्यासाच्या कंटाळ्याने नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बदलत नाही. पंख्याचंही तेच. अशा वर्गाला तासाला सुमारे 800 घनमीटर बाहेरची हवा हवी.

एकेरी रांगेत ती फुकट मिळते, पण नकाशात ठरवलं तरच. स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, म्हणून बिजागरीची घ्या. वऱ्हांड्याकडच्या खिडक्या मुलांचं लक्ष विचलित होतं म्हणून हमखास बंद केल्या जातात. त्या बाजूला खिडकीचा तळ दीड मीटरवर ठेवा आणि लिंटेलवर (खिडकीवरच्या आडव्या तुळईवर) झरोके द्या. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम असावी. उत्तर-दक्षिण खिडक्यांना ऊन कमी लागतं. वारा 45 अंश तिरपा आला तरी चालतो. छज्जा किमान 60 सेंटिमीटर, नाहीतर पावसाळाभर खिडक्या मिटलेल्याच. आणि खिडकीला टेकवून कपाट ठेवू देऊ नका.

विजेतला फरक मोठा आहे. चार बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे मिळून 120 वॅट घेतात. दीड टनाचे दोन एसी भर उन्हाळ्यात 3 किलोवॅटच्या आसपास.

एकेरी रांग हरते ती हायवे, खडी क्रशर किंवा गर्दीच्या चौकाला लागून. तिथे खिडकी उघडली की धूळही आत येते. अशा जागी एसी असो वा नसो, फिल्टरमधून बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा घ्यावाच लागेल. साधा एक्झॉस्ट फॅन बारीक फिल्टरच्या दाबापुढे टिकत नाही. डक्टचा, दाब पेलणारा पंखा मागा आणि कोटेशनमध्ये फिल्टर बसवलेल्या स्थितीतला प्रवाह लिहून घ्या. हवा घेण्याचं तोंड पार्किंग, जनरेटर आणि स्वच्छतागृहापासून लांब ठेवा. फिल्टर तुंबला की प्रवाह घटतो, आवाज वाढतो आणि मग शिपाई बटण बंद करतो. दरवर्षीचा फिल्टरचा खर्च बजेटमध्ये नसेल तर ही यंत्रणा बसवूच नका. हायवेपासून लांबची जागा शोधा.

ताबा घेण्याआधी भरलेल्या वर्गात कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावून बघा. मीटर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच हवा. बरेचसे स्वस्त मीटर दुसरेच वायू मोजून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज दाखवतात.