जांभळी नाका आणि जर्मनीतलं सुपरमार्केट

ठाण्यात किराणा म्हणजे वाण्याला फोन. "काका, दोन किलो साखर, पाव किलो शेंगदाणे," म्हटलं की तासाभरात पोरगा दारात. भाजी जांभळी नाक्यावरून. भेंडी घेतली की वर मूठभर कोथिंबीर मागायचा हक्कच असतो.

जर्मनीत असले हक्क नाहीत. ट्रॉली सोडवायलाच बहुतेक ठिकाणी नाणं घालावं लागतं (परत मिळतं, घाबरू नका). रविवारी दुकानं बंद, तीही कायद्याने. शनिवारी रात्री दूध संपलं तर सोमवारपर्यंत कोरा चहा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत, रिकामी बाटली मशीनमध्ये घातली की परत. आपला भंगारवाला हेच करतो, फक्त घासाघीस करून.

खरी पंचाईत पिठाची. नौपाड्यात गहू निवडून गिरणीत दिले की कोमट पिठाचा डबा घरी येतो. तिथे पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. ४०५ म्हणजे जवळपास मैदाच. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याच पोळ्या केल्या. तोडायला दोन्ही हात लागले. १०५० जरा बरं. शेवटी भारतीय दुकानातून कणीक आणली.

पावात मात्र जर्मनी कधीही सरस, राईचा पाव तर आठवडाभर टिकतो. पण कढीपत्त्याची दहा पानं पाकिटात, विकत? आईला अजून सांगितलेलं नाही.