शुल्कासाठी अडलेलं भिंग आणि भलतीकडे गेलेला डबा: टपालाच्या परदेशी पार्सल सेवेबद्दल

मी जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करते. शटरच्या स्प्रिंगा, पडद्याचं कापड, बारीक स्क्रू असं बरंच सामान परदेशातून मागवावं लागतं, आणि माझ्या हातून न सुटणारं एखादं भिंग तिकडच्या कारागिराकडे पाठवावंही लागतं. त्यामुळे सरकारी टपालाची परदेशी पार्सल सेवा मी सतत वापरते. माल सांभाळून आणण्यात ही सेवा चांगली आहे. पैसे मागण्यात तिचा कारभार गोंधळाचा आहे. आणि पार्सल चुकलं, की काउंटरवर कोण बसलंय यावर सगळं अवलंबून. पाचपैकी तीन तारे.

आधी पैशांचं सांगते. दुरुस्तीला पाठवलेलं भिंग परत येत होतं. फोनवर मेसेज आला की शुल्क बाकी आहे, भरल्याशिवाय पार्सल मिळणार नाही. खाली लिंक. अशा मेसेजमधली लिंक मी उघडत नाही आणि तुम्हीही उघडू नका. हुबेहूब असेच खोटे मेसेज सर्रास फिरतात. त्यात रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवलेली असते, कारण पाठवणाऱ्याला ती रक्कम नको असते, तुमच्या कार्डाचा नंबर हवा असतो. सेवेची वेबसाइट आपण स्वतः टाइप करून उघडायची, ट्रॅकिंग नंबर टाकायचा आणि बाकी तिथे दिसली तरच खरी मानायची. माझी दिसली. आकडा चांगलाच मोठा होता, आणि भिंग तर माझंच होतं. मी काही विकत घेतलेलंच नव्हतं.

बिलात एकच ओळ: एकूण देय. कशाचे किती, काही नाही. या सेवेवरचा माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे. फोन करून तपशील मागितला तेव्हा कळलं की त्यात सीमाशुल्क आहे, आयातीवरचा कर आहे आणि शिवाय सेवेचा स्वतःचा हाताळणीचा आकार आहे. पहिले दोन सरकारजमा होतात. तिसरा टपालवाले घेतात, पार्सल कस्टम्समधून सोडवून आणण्याबद्दल. काम केलंय तर पैसे घ्यावेत, माझी त्याला हरकत नाही. पण हा आकार ठरावीक असतो, वस्तूच्या किमतीप्रमाणे कमीजास्त होत नाही. त्यामुळे लहान पार्सलावर तो फार जाचतो. मागे स्प्रिंगांचं एक पाकीट आलं होतं, त्यावर कर थोडा आणि हाताळणी त्याहून जास्त. ग्राहकाला हे भरण्याआधी दिसायला हवं. भरून झाल्यावर फोन करून विचारायची वेळ येऊ नये.

भिंगावर कर का लागला, ते पार्सल हातात आल्याशिवाय समजलं नसतं. मी काउंटरवर जाऊन ते बघायला मागितलं आणि त्यांनी दाखवलं, याचं कौतुक आहे. परदेशी टपालाच्या पार्सलावर कस्टम्सचा छापील फॉर्म असतो, लहानांवर सीएन २२ आणि मोठ्यांवर सीएन २३. त्यात आत काय आहे, वजन किती, किंमत किती हे लिहितात आणि पार्सल कशासाठी जातंय त्या चौकटीत खूण करतात: भेटवस्तू, विक्रीचा माल, नमुना, परत पाठवलेला माल वगैरे. तिकडच्या कारागिराने ‘विक्रीचा माल’वर खूण केली होती आणि विम्यासाठी भिंगाची पूर्ण किंमत लिहिली होती. कस्टम्सच्या माणसासमोर एवढा एकच कागद असतो. त्याने हिशोब त्यावरूनच केला, त्याचं काही चुकलं नाही. त्यातून बऱ्याच देशांत कर नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, टपालखर्च आणि विमाही त्यात धरतात. महागड्या पोस्टेजने पाठवलेल्या वस्तूचा आकडा म्हणून फुगतो.

दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू परत आली तर सवलत मिळण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण ती वस्तू आपणच पाठवली होती हे दाखवावं लागतं. माझ्याकडे पाठवतानाची टपालाची पावती होती, तिच्यावर भिंगाचा क्रमांक होता आणि तोच क्रमांक कारागिराच्या बिलावर होता. हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आधी भरून टाका, मग रिफंड मागा.’ मी भरलं, कारण ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर पार्सल उलटं पाठवून देतात आणि भिंगाला पुन्हा समुद्रापार पाठवायची माझी तयारी नव्हती. कागद जोडून अर्ज केला. बऱ्याच दिवसांनी कर परत आला, दुरुस्तीच्या खर्चावरचा तेवढा कापून, आणि तो कापणं रास्तच होतं. हाताळणीचा आकार मात्र परत आला नाही.

अशा बिलांचा त्रास आता वाढतच जाणार आहे. स्वस्त पार्सलांना मिळणारी सूट एकेक देश काढून घेतोय. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली व्हॅटची माफी १ जुलै २०२१ पासून बंद केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली. ज्यांना आजवर कधी असं बिल आलं नव्हतं, त्यांनाही ते येणार. तेव्हा बिलाचे भाग वेगळे दाखवणं ही टपालाने आता करायचीच गोष्ट आहे.

आता डब्याबद्दल. शटरच्या सुट्या भागांचा एक डबा देशात आला, कस्टम्समधून सुटला आणि माझ्याकडे यायचा सोडून भलत्याच शहराच्या डेपोत पोहोचला. ट्रॅकिंगवर तिथली नोंद दिसली आणि पुढे काहीच हालेना. हेल्पलाइनला विचारलं की एकच उत्तर, ‘वाट बघा, अपडेट होईल.’ हे उत्तर देणाऱ्याने कुठे काही तपासलेलं नसतं, हे आवाजावरून कळतं आणि चीड येते.

काम झालं ते काउंटरवरच्या बाईंमुळे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाठवणाऱ्याकडे पार्सलचा फोटो आहे का?’ मी मागवून घेतला. डबा जुना होता, पुन्हा वापरलेला. नवीन लेबल वर नीट लावलेलं, पण बाजूच्या घडीवर आधीच्या प्रवासाचा बारकोड तसाच. बाईंनी फोटो मोठा केला, त्या बारकोडवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मशीनने हा वाचला.’ वर्गवारीचं यंत्र पत्ता वाचण्याआधी बारकोड शोधतं, आणि जो आधी दिसेल त्यावर डबा ढकलतं. जुना डबा वापरत असाल तर प्रत्येक जुना बारकोड खरवडून काढा किंवा जाड मार्करने पूर्ण काळा करा. नुसती एक रेघ मारून भागत नाही.

मग त्या डेपोला फोन. तिथे पडलेल्या डब्यावरचा ट्रॅकिंग नंबर तिकडून सांगितला गेला, बाईंनी चिठ्ठीवर उतरवला, आणि त्यातला एक आकडा १ की ७ ते ठरेना. इथे मला उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. टपालाच्या परदेशी ट्रॅकिंग नंबरात आधी दोन अक्षरं असतात, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. समजा आकडे ४७३१२४८२ आहेत. बेरीज २०० येते, बाकी २, म्हणून पडताळणीचा आकडा ९. (वजाबाकी १० आली तर ०, आणि ११ आली तर ५ धरतात.) आमच्या चिठ्ठीवर १ धरून हिशोब जुळला नाही, ७ धरून चोख जुळला. तो नंबर माझ्या ट्रॅकिंग नंबराशी जुळला, म्हणजे डबा माझाच होता.

आणखी एक नियम बाईंनी समजावला, आणि तो मला हेल्पलाइनवर कोणीही सांगितला नव्हता. जागतिक टपाल संघाच्या करारानुसार पार्सल योग्य माणसाच्या हाती पडेपर्यंत ते पाठवणाऱ्याच्या मालकीचं असतं. म्हणून हरवल्याची रीतसर चौकशी त्याने त्याच्या टपाल खात्याकडे लावली तर ती जास्त पुढे सरकते. त्यासाठी पाठवल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. नुकसानभरपाईचा पहिला हक्कही त्याचाच, तो त्याने लेखी सोडला तर आपल्याला मिळतो. माझ्या विक्रेत्याने त्याच दिवशी चौकशी लावली. इकडून बाईंचा फोन, तिकडून चौकशी, आणि डबा निघाला. आतल्या पुड्या शाबूत होत्या, एकही भाग हरवला नव्हता.

भिंगं मी याच सेवेने पाठवत राहीन, कारण तिने आजवर एकही फोडलेलं नाही. दुरुस्तीला पाठवताना आता आतच एक कागद ठेवते: परतीच्या फॉर्मवर ‘परत पाठवलेला माल’ इथेच खूण करा, सोबत माझ्या पावतीची प्रत आणि भिंगाचा क्रमांक. हाताळणीचा आकार परत मागणारा माझा अर्ज अजून त्यांच्याकडे आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन, आणि तो आकार परत मिळाला तर एक तारा वाढवीन.