बाळाची भिंत: रंगवायची, चिकटवायची की टांगायची?

घरात बाळ येणार म्हटलं की हौशी मंडळी फोनवर भिंतींचे फोटो बघायला लागतात. ढग, जिराफ, फुगे. फोटो बहुतेक मोठ्या शहरांतल्या कोरड्या फ्लॅटचे असतात. आपल्याकडे, रत्नागिरी-मालवणच्या हवेत, तेच चित्र किती टिकणार हे आधी भिंतीला विचारावं लागतं.

म्हणून चित्राच्या आधी भिंत निवडा. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर असेल तर पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत सरळ सोडून द्या. पावसाची झड तिथेच बसते आणि जांभा पाणी पितो. बाहेरून माडाच्या झावळ्यांचे कितीही झाप बांधले तरी ऑगस्टात आतून पोपडे येतातच. दोन्ही बाजूंना खोल्या असलेली मधली भिंत घ्या, फक्त पलीकडे न्हाणीघर नको. शंका असेल तर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले असतील किंवा तेवढाच भाग काळपट झाला असेल तर भिंतीत ओल आहे. सिमेंटचा गिलावा नवा असेल तर निदान महिनाभर हात लावू नका.

भिंत कोरडी निघाली तर माझं मत स्पष्ट आहे: हाताने रंगवून घ्या. आणि त्यासाठी लांबून कुणाला बोलावू नका. आपल्याकडे गावोगावी गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा आहेत, आणि चतुर्थीला गणपतीच्या मागची भिंत चित्रांनी रंगवायची पद्धत सिंधुदुर्गात अजून जिवंत आहे. तो हात बाळाच्या खोलीत का नको? आषाढापासून हे कलाकार मूर्तींच्या कामात बुडालेले असतात. चैत्र-वैशाखात त्यांना वेळ असतो, आणि नेमकी तेव्हाच भिंत वर्षातली सगळ्यात कोरडी असते.

चांगला कारागीर काम कसं उचलतो ते पाहण्यासारखं असतं. आधी कागदावर पूर्ण मापाचं चित्र. मग रेषेवरून सुईने एकमेकांजवळ भोकं. तो खाका भिंतीवर धरून गेरूची पुरचुंडी हलक्या हाताने आपटत न्यायची. कागद उचलला की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी होडी उमटलेली असते, माड असतो, शेपटी वर करून बसलेला खंड्या असतो. मग रंग भरायचे. खालच्या थराला पाण्यातला इमल्शन रंगच हवा. शंभर चौरस फुटांना दोन हात द्यायला दीड-दोन लिटर पुरतो. बाकीच्या छटा पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर, म्हणजे छटेसाठीचा दाट रंग घालून होतात, पण स्टेनर बेताने घाला. जास्त झाला की रंग नीट वाळत नाही आणि हाताला लागतो. गडद निळा, काळा, लाल यांना ॲक्रिलिकच्या ट्यूब बऱ्या. ऑइलपेंट आणि वॉर्निश या खोलीत नकोच. वास आठवडेच्या आठवडे जात नाही.

आता स्टिकर. स्वस्त, तासाभराचं काम, आणि भाड्याच्या घरात मालकाची कटकट नाही. कोरड्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये, आतल्या भिंतीवर, वर्षभर छान दिसतात. पण ते प्लास्टिक आहे. मागच्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पावसाळ्यात मागे बुरशी धरते. ती दिसत नाही, फक्त खोलीला कुबट वास येतो, आणि त्याच खोलीत बाळ श्वास घेत असतं. शिवाय कोपरे सुटतात. रांगणारं मूल तो कोपरा धरून ओढणार, तुकडा तोंडात घालणार. लावायचेच असतील तर मुलाचा हात पोचणार नाही इतके उंच लावा. पूर्ण भिंतीच्या वॉलपेपरचा दोष हाच, फक्त मोठ्या प्रमाणात. चिऱ्याच्या घरात मी तो लावू देणार नाही.

तिसरा मार्ग कमी लोकांना सुचतो: मरीन प्लायवर, म्हणजे ओलीला टिकणाऱ्या प्लायवुडच्या फळीवर, चित्र रंगवून टांगायचं. ओलसर भिंतीच्या घरात, किंवा बाळंतपण भर पावसात असेल तर, हाच उत्तम. प्लाय पडवीत किंवा दुसऱ्या खोलीत रंगवता येतो, तिथेच पुरता वाळू द्यायचा, मग खोलीत आणायचा. मागे लाकडी पट्ट्या मारून भिंतीपासून इंचभर सुटा ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि वाळवी आली तर लगेच दिसते. पाळण्याच्या वर मात्र टांगू नका. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, तिच्या धाटणीतली ठसठशीत काळी रेघ आणि मोजके रंग या फळीवर फार शोभतात.

जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या घरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. त्या भिंतीवर इमल्शन किंवा प्लास्टिक पेंट चढवू नका. ती श्वास घेते, तो बंद केलात की पोपडे धरते. चुन्याचाच हात द्या आणि गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी यांनी वरच्या भागात साधी नक्षी काढा. खाली अडीच-तीन फूट चित्र नको, कारण चुना हाताला लागतो आणि मुलाच्या डोळ्यांत गेला तर झोंबतो.

मार्ग कुठलाही घ्या, जुना रंग खरवडताना गरोदर बाईने त्या घरात थांबू नये. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये ते बरंच जास्त असू शकतं. कोरडं घासू नका. पाणी मारून ओलं घासा, आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

आणि घाई करू नका. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं. पहिल्या महिन्यांत त्याला समोरच्या भिंतीपेक्षा आईचा चेहरा पुरतो. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं, बाळ घरी यायलाच महिने जातात. श्रावणात तारीख असेल आणि मेमध्ये काम जमलं नसेल, तर ओल्या हवेत रंग लावत बसू नका. फळी टांगा, आणि भिंत पुढच्या होळीनंतर रंगवा. तेव्हा बाळ रांगत असेल. चित्रातली कुर्ली (खेकडा) त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर काढायला कारागिराला सांगा.