हॉट टबचा रसायनसंच : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

हॉट टबचे पाणी सांभाळण्यासाठी घेतलेल्या या संचात दाणेदार डायक्लोर (पाणी निर्जंतुक करणारे क्लोरीनचे संयुग), पीएच म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा अंक उतरवणारे सोडियम बायसल्फेट, पीएच चढवणारे सोडियम कार्बोनेट, एक मापाचा चमचा आणि चाचणी पट्ट्यांची बाटली असे सगळे एकाच खोक्यात आले. दीड वर्षात त्यातले काय टिकले आणि काय वाया गेले, हे नव्याने घेणाऱ्यांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डायक्लोरबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कोरड्या जागी झाकण घट्ट लावून ठेवले, तर ते काही वर्षे आपला जोर राखते. माझ्या डब्याच्या तळाचे दाणेही पहिल्या दिवसासारखे मोकळे निघाले. द्रवरूप क्लोरीनचे तसे नसते. ते बंद बाटलीतही सतत उतरत जाते आणि ऊन किंवा उष्णता लागली तर काही महिन्यांतच त्याचा बराचसा जोर संपतो, म्हणून कमी वापर असलेल्यांनी दाणेदारच घ्यावे असे माझे मत आहे.

बायसल्फेटचे झाकण मात्र पहिल्यापासून सैल होते. पावडर सादळली आणि वरच्या थराचा दगडासारखा गोळा झाला. त्याने गुण जात नाही, परंतु चमच्याचे माप निरर्थक ठरते. मला तो गोळा फोडून प्रत्येक वेळी वजन करूनच वापरावा लागला. कार्बोनेट ठीक राहिले.

खरी निराशा चाचणी पट्ट्यांनी केली. टबात नुकतेच क्लोरीन टाकलेले असूनही पट्टीवरचा चौकोन जेमतेम रंगला, म्हणून मी आणखी एक माप टाकले आणि तरीही रंग चढेना, तेव्हा नवी बाटली आणून त्याच पाण्यात दोन्ही पट्ट्या शेजारी बुडवल्या. नवी पट्टी तत्काळ गडद झाली, जुनी फिकटच राहिली. हॉट टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ राखायचा असतो. तो राखण्याचे एकमेव साधनच खोटे बोलू लागले, तर उत्तम डायक्लोर असूनही उपयोग नाही. ओल्या बोटांनी पट्टी काढणे आणि बाटली टबाच्या काठावर उघडी ठेवणे या माझ्या चुका होत्या, हे मान्य आहे. पण बाटलीवरची मुदतीची तारीख पहिल्या महिन्यातच पुसली गेली आणि डब्यांवर उत्पादनाची तारीख मुळातच नव्हती, ही चूक कंपनीची आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मांडणीवर आहे. बायसल्फेट आम्लधर्मी आहे. ते ओलसर अवस्थेत डायक्लोरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. असे असताना दोन्ही डबे एकाच खोक्यात, मध्ये साधा पुठ्ठाही न घालता आणि सर्वांना मिळून एकच चमचा! सोबतच्या पत्रकात “थंड व कोरड्या जागी ठेवावे” एवढेच आहे. टबाच्या पंपाशेजारच्या कप्प्यात, जिथे बहुतेक जण हे डबे सरकवून देतात, तिथे ऊब असते आणि क्लोरीनच्या वाफेने धातूचे भाग गंजतात, याचा उल्लेखच नाही.

पुढच्या वेळी मी डायक्लोर याच कंपनीचे घेईन, पण सुटे. पट्ट्यांची लहान बाटली वेगळी घेईन आणि ती उघडल्याची तारीख झाकणावर लिहीन. चमचे मी आताच तीन केले आहेत.